शेवटच्या पंगतीचा उमेदवार

माझी कंपनी बंद पडून चार महिने झाले, तेव्हा आमच्या घरात एकमताने असं ठरलं की मला काहीतरी येत असावं.

काय येतं हे शोधायला माझी मुलगी केतकी बायोडेटा घेऊन बसली. "बाबा, मंडळाच्या गणपतीत तुम्ही पंधरा वर्षं करता काय?"

"महाप्रसादाच्या पंगती वाढतो. लोकांना बसवतो, उठवतो. चपला सांभाळतो."

तिने लिहिलं, 'गर्दी-व्यवस्थापनाचा पंधरा वर्षांचा अनुभव.' (चपलांचं काय केलं ते मला वाचवलं नाही. 'सुरक्षा' असा काहीतरी शब्द होता!)

"लाजून काहून राहिले?" बायको म्हणाली. "खरंच तर आहे!" घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं, त्यामुळे मी लाजणं थांबवलं.

आमच्याच शहरातल्या गोरखपूर भागातल्या एका खाजगी दवाखान्यातून बोलावणं आलं. रुग्णांची गर्दी सांभाळायला सुपरवायझर हवा होता. जागा एक, उमेदवार चौदा, खुर्च्या नऊ! दारावरचा भैया एक नाव पुकारायचा आणि चौघे आत घुसायचे. मी पाच मिनिटं हाताची घडी घालून बसलो. त्याहून जास्त जमलं नाही.

"चलो भैया, लाइन से! नौ बैठेंगे, पाँच खड़े, फिर अदला-बदली. पानी किसने नहीं पिया?"

माझ्याच वयाचे एक पटेलजी शहपुऱ्याहून आले होते. "मेरी बस छूट जाएगी," ते म्हणाले. त्यांना पहिलं आत पाठवलं. बिचारे घाबरले होते, म्हणून दारातच सांगितलं, "भीड़ का पूछें तो कहना, पहले बुज़ुर्गों को बिठाऊँगा." मग घमापुरच्या एक दीदी, त्यांच्या घरी मूल आजारी होतं. मध्येच माझं नाव पुकारलं, तर मीच त्या भैयाला हात दाखवून थांबवलं. सगळे जेवल्याशिवाय वाढणारा बसत नाही, ही सवय हाडात मुरलेली!

शेवटी मी आत गेलो, तर डॉक्टरबाई फाइल बंद करत होत्या.

"अरे, आप तो अपने ही स्टाफ के हैं ना? बढ़िया सँभाला!"

"जी, मैं भी उम्मीदवार हूँ." मी बायोडेटा पुढे केला. त्यांनी तो वाचला. पूर्ण वाचला!

"ओहो! ऐसा ही आदमी चाहिए था. पर पोस्ट तो पटेलजी को दे दी. क्या जवाब दिया उन्होंने! 'पहले बुज़ुर्गों को बिठाऊँगा.'"

मला फार वाईट वाटलं. बाई भल्या होत्या, त्यांनी आणखी थोडा वेळ माझ्याशी बोलून मला निरोप दिला.

घरी दोघी दारातच उभ्या होत्या.

"काय झालं?"

"रविवारी सकाळी आठला बोलावलंय."

केतकीने उडीच मारली. बायकोने देवापुढे साखर ठेवली आणि विचारलं, "पगार किती म्हणाले?"

"पगार पटेलजींना," मी म्हणालो. "रविवारी मोफत तपासणी शिबिर आहे. स्वयंसेवकांच्या यादीत मात्र पहिला नंबर माझा लागला!"