मुलाला आणायला निघाले तेव्हा

फेब्रुवारीत शहाण्या माणसाने तिकडे जाऊ नये, असं मला वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने ऐकवलं. नवऱ्याने तर कॅनडातल्या आमच्या हॅमिल्टनच्या घरातच ऐकवलं होतं. पोरगा सव्वीस वर्षांचा घोडा झालाय, तिथल्या शाळेत मास्तर आहे, फोनवर चांगला बोलतो. तू कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस? पण तो चांगला बोलतो म्हणूनच मला झोप लागत नव्हती. आमचा मुलगा जन्माचा भांडखोर. नाताळला तो घरी आला नाही म्हणून मी फोनवर तोंडसुख घेतलं, तर म्हणाला, "यू आर राइट, आई." आयुष्यात पहिल्यांदा. मग २०१७ च्या त्या फेब्रुवारीत मी वृद्धाश्रमातल्या नोकरीवरून रजा घेतली, जाताना माझं एकटीचं आणि येताना आम्हा दोघांचं अशी तिकिटं काढली, आणि त्याला न कळवता निघाले.

सेंट लॉरेन्सच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर रस्ता एके ठिकाणी सरळ संपतो. पुढच्या गावांना उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात लहान विमान नाहीतर स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पळणारी स्कूटर. माँट्रियलपासून मी विमानं बदलत गेले तशी ती लहानच होत गेली. शेवटच्या विमानात दुधाचे क्रेट, टपालाच्या थैल्या आणि उरलेल्या जागेत आम्ही माणसं. हवा बिघडली की ते मधल्याच कुठल्यातरी गावी उतरवून देत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रड. असल्याच एका गावातल्या मोटेलमध्ये मी अडकले. मालकीण फ्रेंच बोलायची, मी इंग्रजी, आणि दोघींचा राग मात्र एकमेकींना बरोबर कळायचा. जो तो मला विचारी, नवी नर्स का? माझ्यासारखी सावळी बाई एकटी एवढ्या लांब आणखी कशाला येणार? शेवटी कंटाळून मी हो म्हणू लागले, तर एका म्हाताऱ्याने लगेच आपला गुडघाच पुढे केला. बघितला मी तो. काय करणार?

माझं माहेर वसईचं, समुद्राकाठचं. भरती आली की आवाजावरून कळायचं. इथे मोटेलच्या खिडकीबाहेर समुद्र होता, पण आवाजच नव्हता. क्षितिजापर्यंत नुसता बर्फ. मला त्याची भीती वाटली. पोरगा रोज हेच बघत असेल, या विचाराने जास्तच. मी रोझरीची माळ हातात घ्यायचे आणि प्रार्थना अर्ध्यावर विसरायचे.

अखेर विमान उडालं. मुलाचं गाव बेटावर, धावपट्टी किनाऱ्यावर. मधला समुद्र गोठलेला. टपाल नेणाऱ्या एका म्हाताऱ्याने स्नोमोबिलला लाकडी पेटीची घसरगाडी जोडली, मला त्या पेटीत थैल्यांच्या आणि अंड्यांच्या खोक्यांच्या मधे बसवलं आणि वर ताडपत्री ओढली. बर्फात जागोजागी झाडाच्या फांद्या रोवलेल्या होत्या. त्यांच्या बाजूने गेलं तर बर्फ जाड, बाहेर गेलं तर देवाला माहीत, असं त्याने निघताना सांगितलं. मी ताडपत्रीच्या फटीतून सगळी वाट त्या फांद्यांवर डोळे लावून बसले होते.

मुलाच्या घराशी येताच म्हाताऱ्याने दार ठोकलं नाही, घंटा वाजवली नाही. सरळ आत शिरला, बूट काढले, माझी बॅग ठेवली, "युअर मॉम इज हिअर" असं आत ओरडला आणि गेला.

पोरगा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला. दाढी वाढलेली, गालांची हाडं वर आलेली. मला बघून तो ना दचकला, ना चिडला. जागा करून देण्यासाठी जरासा सरकला फक्त. नाताळच्या आधीपासून तो शाळेत गेला नव्हता. दवाखान्यातली नर्स येऊन डिप्रेशनच्या गोळ्या देत होती, डॉक्टर कॉम्प्युटरवरून बोलत होता, हे मला त्याच्या तोंडून एकेक शब्द ओढून काढावं लागलं. वृद्धाश्रमात मी परक्यांना भरवते, पुसते, आणि माझं पोर इथे असं पडलेलं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

रडून होतंय तोवर स्वयंपाकघरात कोणीतरी आलं होतं. एक बाई सुपाचं भांडं स्टोव्हवर ठेवून खुर्चीत विणत बसली. ती उठली तर एक माणूस लाकडं टाकून गेला. मग शाळेतली दोन पोरं आली, सरांच्या पायथ्याशी बसून कुणाचा कुत्रा कुठे पळाला ते सांगून गेली. कुणी विचारून येईना. घर आहे की बाजार? माझा पारा चढला. आजारी माणसाला विश्रांती हवी, आणि खरं सांगायचं तर माझ्या मुलाला अशा अवस्थेत चारचौघांनी बघावं हे मला सहनच होत नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली तशी मी उठले आणि दाराची कडी लावली.

थोड्या वेळात बाहेरून कुणीतरी दार ढकललं. पुन्हा ढकललं. मग पळत जाणारी पावलं, आरडाओरडा, आणि खिडकीच्या काचेला तो टपालवाला म्हातारा आणि सूपवाली बाई, दोघांचे पांढरेफटक चेहरे. मी खुणेने सांगत होते, झोपलाय, नंतर या. तेवढ्यात मागून धडपड ऐकू आली. जो पोरगा दुपारपासून पाणी प्यायला उठला नव्हता, तो अनवाणी धावत आला आणि कडी काढली.

"आय ॲम ओके," तो त्यांना म्हणाला. "इट वॉज जस्ट माय मॉम."

सगळे परतले. तो दाराला टेकून खाली बसला. मी त्याच्याशेजारी. मी म्हटलं, बॅग मी भरते, तुझं तिकीट काढलंय, घरी चल.

"इथे कुणी दार लावत नाही, त्यांना वाटलं मीच लावलं. घरी माझी बेसमेंटमधली रूम आहे, आई. तू अन् डॅड वर असता. मी दार लावून घेईन अँड यू विल नॉक." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मी म्हणेन, आय ॲम फाइन. आणि तुम्ही परत वर जाल."

मी भांडले. आईचा हात आणि शेजाऱ्याचं सूप एक का, असंही बोलले. तो भांडला नाही. परतीच्या विमानाचा दिवस येईतो मी तिथे राहिले, त्याचं डोकं धुतलं, बरोबर नेलेल्या सुक्या बोंबलाची चटणी केली, जी सूपवाल्या बाईने दोनदा मागून घेतली. तिला निरोप देताना मला खूप काही सांगायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं की त्याला कांदा आवडत नाही. मग मी पुन्हा त्या पेटीत बसले, एकटी.

टोरोंटोच्या विमानतळावर नवरा उभा होता. घ्यायला येणार नाही म्हणाला होता. हातात पोराचा जुना जाड कोट. मला बघून त्याने हात केला, पण नजर माझ्या मागून येणाऱ्या माणसांवर. मी जवळ गेले तरी तो तिकडेच बघत होता.

"तो आला नाही," मी म्हटलं.

त्याने कोट दुसऱ्या हातात घेतला. "मग पुढच्या विमानाने येतोय का?"