मोटार कुणी बसवली?

मे महिन्यातला दुसरा शनिवार. दुष्काळामुळं शेतात काही नव्हतं. महिला सोसायटीनं आम्हा बायकांना शिलाई मशीनच्या मोटारी आणि शाळेच्या गणवेशांचं काम दिलं होतं. शाळा उघडायच्या आत ते शिवून झाले नाहीत, तर पुढचं काम मिळणार नव्हतं. म्हणून मशीनला मोटार मी स्वतःच बसवली. ती चालली, पण लगेच तापू लागली.

जळकोटच्या रस्त्यावर एक मशीन दुरुस्त करणारा होता. काम करताना तो गिऱ्हाइकाकडं पाठ करून बसायचा, म्हणजे कुणी बघून शिकू नये. बाईनं काही विचारलं की उत्तर भिंतीला द्यायचा.

मशीन घेऊन गेले. म्हटलं, "मोटार का तापते, तेवढं सांगा."

"कुणी बसवली?"

"मी."

तो भिंतीकडं बघून हसला. "वैनी, ही काय पुरणपोळी हाय व्हय? सायबास्नी धाडा, त्येंला सांगतो."

"ते सोलापूरला असतात. मशीन मी चालवते."

"मग ते येस्तवर पायानं चालवा."

आणि पाठ फिरवून त्यानं माझी मोटार उतरवून टाकली.

संतापानं माझे कान तापले. घरी येऊन मोटारीवरून मशीनच्या चाकाला जाणारा पट्टा न घालता नुसती मोटार चालवली, तर ती गार राहिली. म्हणजे पट्टा मीच फार ताणला होता. एवढं एक वाक्य त्याच्यानं सांगवलं नाही! पट्टा जरा सैल ठेवून मोटार पुन्हा बसवली, आणि ती तापली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याचं दुकान उघडायच्या आत, मोटारीचे खोके घेऊन पायरीवर बसलेल्या आमच्या सोसायटीतल्या दोघींना मी उठवलं आणि माझ्या घरी घेऊन आले.