कुंदाकाकूंचा सुदानी भाडेकरू

“त्याले काही म्हणजे काहीच कमी नाई जी,” कुंदाकाकू लॅपटॉपसमोर बसून सांगत होत्या, आणि मला घाम फुटत होता.

वर्ध्याजवळ पिपरी मेघेतलं त्यांचं घर. पुढच्या खोलीत आम्ही तिघं: घरमालकीण काकू, त्यांचा भाडेकरू यासिर आणि मी. पडद्यावर परदेशातले एक अधिकारी. यासिर सुदानचा. वर्ध्याला फार्मसी शिकायला आला आणि मागे देशात युद्ध पेटलं. घर जळालं, भाऊ गेला. बायको आणि मुलगी कशाबशा सीमा ओलांडून छावणीत पोचल्या; मुलगी तर तो इकडे आल्यावर तिकडे जन्मलेली. इकडे शिक्षण संपलं, स्टुडंट व्हिसाही संपत आलेला. पडद्यावरच्या साहेबांच्या देशाने त्याला घेतलं, तर त्या दोघींनाही तिथे नेता येणार होतं. नाही घेतलं, तर त्या तिकडे आणि हा इकडे.

मी दुभाषी. युद्धातून निसटलेल्या माणसाला तिसऱ्या देशाने कायमचं घेणं, याला रिसेटलमेंट म्हणतात. जागा थोड्या, मागणारे अमाप. म्हणून मुलाखत होते, आणि ओळखीच्या एखाद्या माणसालाही विचारतात. यासिरने काकूंचं नाव दिलं. काकूंचा त्याच्यावर जीव होता. घोटाळा तिथेच झाला.

तो तिथे कसा राहतो, एवढंच साहेबांनी विचारलं. काकू सुरू झाल्या. पोरगा निर्व्यसनी. तब्येत ठणठणीत. इंग्रजी फाडफाड. शिकवण्या घेतो, पैशाला तोटा नाही. कसली चिंता नाही, सदा हसतमुख. आणि वर, “आम्ही त्याले कुठीच जाऊ देत नाई. इथंच मेडिकल टाकून देऊ.”

मी प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की बोललं तेवढंच सांगायचं. तिखटमीठ लावायचं नाही, कात्रीही चालवायची नाही. साहेब टाइप करत होते. यासिरला मराठी बरंच कळतं. तो फरशीकडे बघत बसला होता. ज्याचं वर्ध्यात बस्तान बसलंय, त्याला तिकडे जागा कशाला, असं साहेबांना वाटणारच. त्यांचं चुकतंय असंही म्हणता येईना. उघड्यावर पडलेल्याचा नंबर आधी, हे कोणीही मान्य करेल.

मला काकूंचा रागच आला. मग जाणवलं, ही सगळी वाक्यं आपल्या ओळखीची आहेत. आमच्याकडे कोणी अनोळखी माणूस पोराची चौकशी करायला लागला, की तो मुलीकडचा असणार, असंच धरतात. मग पोराचा दमा झाकायचा, पगार फुगवायचा, हे शेजाऱ्याचं पुण्यकर्म. माझ्या भावाला चष्माच नाही, असं समोरच्या काकांनी पाहुण्यांना ठोकून दिलं होतं. भाऊ तेव्हा आतल्या खोलीत चष्मा शोधत होता.

दुभाष्याला एक मुभा असते. चालीरीतीमुळे गैरसमज होतोय असं वाटलं, तर परवानगी घेऊन तेवढं समजावता येतं. बाजू मात्र घेता येत नाही. मी परवानगी घेतली आणि साहेबांना आमच्या भागातली स्थळाची चौकशी समजावून सांगितली. ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, बाईंना सांगा, आम्हाला जावई नकोय. तुम्ही त्याला ठेवून घेणार म्हणता, पण तो तिथे राहू शकतो का?

“मंग हे आधी काऊन नाई सांगितलं?” काकू माझ्यावरच उखडल्या. मग यासिरकडे एकदा बघून परत लॅपटॉपकडे वळल्या.

“घर माहं हाय जी. खोली देईन, जेवाले देईन. पण देश माहा थोडीच हाय? व्हिसा मी कुठून देऊ? त्याची पोरगी फोनवर पाहता पाहता चालाले लागली. यानं तिले अजून हातात नाई घेतलं. फोन ठेवला का पोरगा गच्चीवर जाऊन बसते. मी हाक नाई मारत.”

हेही मी बोललं तेवढंच इंग्रजीत सांगितलं. तिखटमिठाची गरजच नव्हती.

पुढे बरेच महिने काही कळलं नाही. मग एक दिवस यासिरचा मेसेज आला. तिघांनाही मंजुरी. मी भाजी निवडत होते, ती तशीच टाकून मेसेज पुन्हा वाचला. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या निकालालाही वाटलं नव्हतं. नंतर तिकडे पोचल्यावर त्याने फोटो पाठवला. मुलगी त्याच्या कडेवर भोकाड पसरून रडतेय, अनोळखी माणसाने उचललं म्हणून. आणि हा हसतोय.

देशांनी कोणाला घ्यावं, हे मला कोणी विचारत नाही. तरी सांगते. स्थळ बघताना गुण विचारावेत. आसरा देताना विचारायचं ते वेगळंच असतं.

खोली रिकामी झाल्यावर काकूंचा फोन आला. नवा भाडेकरू पाहिजे होता. कसा हवा, मी विचारलं. शिकलेला, निर्व्यसनी?

“कसाबी चालन,” काकू म्हणाल्या. “ज्याले कुठीच जागा नसन, तो पाठवजो.”