मूठ न वळलेला माणूस

आत्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. "सुमेध गया वं माय..." एवढंच ती म्हणाली. सुमेध माझा आत्येभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. डेंग्यू झाला होता. चार दिवस त्यानं ताप अंगावर काढला, कुणाला सांगितलं नाही, आणि जळगावच्या दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला. त्याला सहा आठवडे झाले.

आमच्या घरी चळवळीची पत्रकं असायची, जशी इतरांकडे वर्तमानपत्रं असतात. बाबा लिहायचे, आम्ही पोरं घड्या घालायचो. उन्हाळ्यात सुमेध धुळ्याला आला की त्याच्या घड्या सगळ्यांत सरळ. पण वाटायला निघालो की तो पत्रक कुणाच्या हातात द्यायचा नाही, दाराखालून सरकवायचा आणि पळायचा. आम्ही हसायचो. पुढे इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून तो घरी आला आणि वरच्या खोलीत गेला. गेला म्हणजे गेलाच. आत्या ताट उंबऱ्याशी ठेवायची.

मी भेटायला जायचे, म्हणजे समजावायला जायचे. एकदा त्यानं मला लॅपटॉपवर एक जपानी ॲनिमे मालिका दाखवली. तिचा नायक खोलीबाहेर पडत नाही, आईशी खोटं बोलतो, एकुलत्या एका मित्रावर जळतो, अनोळखी माणसांना नेटवर शिव्या घालतो. "हाऊ मीच शे, अक्का," सुमेध म्हणाला. मी भडकले. हा कसला नायक, आईच्या जिवावर बसून खाणारा? तो शांतपणे म्हणाला, "तुना पत्रकमा सगळा मानसे उभा ऱ्हातस, मूठ वळीसन. मन्हासारखा तठे कोनीच नही. हाऊ वाईट वागस, तरी त्यानी गोष्ट कोनीतरी सांगस." मग हसून म्हणाला, "आता दे भाषण, मी ऐकस." आणि मी खरंच दिलं. पळवाट, बाजार, तरुणांना झोपवण्याचं कारस्थान... माझ्याकडे शब्द कधीच कमी नव्हते.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं: 'खोलीतल्या तरुणास अनावृत पत्र'. नाव लिहिलं नाही. पण उंबऱ्यावरचं ताट लिहिलं, त्याच्या खिडकीचा कायम ओढलेला निळा पडदा लिहिला, जपानी कार्टून लिहिलं. आत्याच्या वस्तीत रविवारी विहारात वंदना झाली की नवीन पत्रक मोठ्यानं वाचायची रीत आहे. लिहिणारी मी हजर होते, म्हणून मलाच उभं केलं. दुसऱ्या परिच्छेदावर होते तेव्हा सुमेध दिसला, अगदी मागे, चपलांजवळ बसलेला. आठ महिन्यांनी तो घराबाहेर पडला होता. अक्का वाचणार आहे असं आत्यानं सांगितलं, म्हणून स्वतःहून अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून आला होता. हे मला नंतर कळलं. पण तो कशाकशाला ओळखतोय, हे त्याच्या चेहऱ्यावर मला तेव्हाच दिसत होतं. आणि मी थांबले नाही. पुढचं वाक्य फार चांगलं जमलं होतं, ते मला वाचायचं होतं. ताटाचं वाक्य आलं तशा बायका आत्याकडे वळल्या. वाचन संपून टाळ्या पडल्या तेव्हा चपलांजवळची जागा रिकामी होती.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला: 'वाचन चांगलं झालं, अक्का.' त्यात टोमणा असता तर मी भांडले असते, भांडता भांडता माफीही मागून गेले असते. टोमणा नव्हता. गल्लीतली पोरं त्याला 'ए जपानी' म्हणायला लागली, तो पुन्हा खाली उतरला नाही. मी माफीचं पत्र तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा त्यात शेवटी मुद्दे आले, कारणं आली, समाज आला. एकही पाठवलं नाही. ताप आला तेव्हा त्यानं कुणाला हाक मारली नाही, याला खोलीतल्या माणसाची सवय म्हणणारे म्हणोत. हाक मारायची तर ती ऐकणारं माणूस आपलं वाटावं लागतं. ते माणूस मी असायला हवं होतं.

सुमेधच्या नावानं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि आत्या मला वर घेऊन गेली. खोली झाडलेली होती, लॅपटॉप तिथंच होता. "तो दिनभर काय दखे, माले बी दखाड," ती म्हणाली. बोलणं जपानीत, खालच्या ओळी इंग्रजीत. आत्याला दोन्ही कळेना. म्हणून मी ओळी वाचून अहिराणीत सांगू लागले. आता दर रविवारी दुपारी मी धुळ्याहून येते आणि आम्ही दोघी एक भाग बघतो. नायक आईशी खोटं बोलला की आत्या हसते, "लबाड शे, पन भूक लागनी व्हई त्याले," म्हणते आणि पदर डोळ्यांना लावते.

गेल्या रविवारच्या भागात त्या नायकाची थोरली बहीण त्याच्या खोलीबाहेर उभी राहून तावातावानं बोलत होती. मी एकेक ओळ सांगत होते. ऊठ, बाहेर ये, जग कुठं चाललंय बघ... आत्या पुढं वाकून नीट बघत होती.

"इतली बोली ऱ्हायनी ती," आत्या म्हणाली, "पन मझार, खोलीमा का बरं जात नही? दार त उघडंच शे."

मी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. दार खरंच उघडं होतं.