लाइनमनकाकांचं वासाचं संशोधन

जगातल्या तमाम संशोधकांवर एकाच वेळी रागावलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो गोंदियाजवळच्या मुर्री गावात राहतो. वीज खात्यातून निवृत्त झालेले हे लाइनमनकाका दर शनिवारी दुपारी सायकलवरून गोंदियाला आमच्या कॉलेजात येतात, चपला ग्रंथालयाच्या दाराबाहेर काढतात आणि माझ्या संगणकासमोर पूजेला बसावं तसे ताठ बसतात. मी तिथला ग्रंथपाल. विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत आम्हाला देशोदेशींच्या संशोधनपत्रिका ऑनलाइन उघडता येतात. आमचे प्राध्यापक महिनोन्महिने तिकडे फिरकत नाहीत. काकांचा मात्र एक शनिवार चुकत नाही.

याला कारण काकू. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि काकूंना वास येणं बंद झालं. तांदूळ नवा की जुना हे नुसतं हुंगून सांगणारी बाई. आता डाळ करपली तरी शेजारीण ओरडून सांगते तेव्हा कळतं. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. पण फॉल्ट सापडल्याशिवाय खांबावरून न उतरलेल्या माणसाला वाट पाहणं कसं जमावं?

पहिल्या दिवशी मी शोधाच्या चौकटीत नुसतं 'वास' असं इंग्रजीत टाकलं, तर गटारांपासून अत्तरांपर्यंत हजारो लेख समोर आले. "असं नाही जी," काका म्हणाले, "कोणत्या खांबावर फॉल्ट आहे, ते सांगा नं त्याले!" मग ताप, नाक, वय असे शब्द जोडत आम्ही यादी विसावर आणली. मी लेख मराठीत सांगायचो, ते मान डोलवायचे. पण शेवटी प्रत्येक लेखात तेच वाक्य: या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे. काका भडकायचे. "मंग करा नं! काऊन थांबून राहिले? आमी का अर्धी लाइन जोडून घरी जात होतो?"

एका लेखात मात्र उपाय निघाला. रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेले वास हुंगायचे. काहींना गुण येतो. दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या डोळ्यांवर रुमाल आणि नाकाखाली एकेक वाटी: लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल आणि, काकांची स्वतःची भर म्हणून, मोहफुलं. "बुढा पागल झाला," मी एकदा घरी गेलो तेव्हा काकू मला म्हणाल्या. पण रुमाल मुकाट्यानं बांधून घेत.

गेल्या महिन्यात काका आले ते संगणकाकडे न बघताच बसले.

"वास येऊन राहिला म्हणते," ते म्हणाले.

"अहो, मग चांगलंच झालं की!"

"काल मी वाटी रिकामीच धरली. तर म्हणते, लवंग आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"का म्हणतो? बराबर आहे, म्हटलं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "तिले वाटते, मी थकून राहिलो; म्हणून तशी म्हणते."

पंखा फिरत होता. बाहेर परीक्षेचे अर्ज भरायला आलेल्या मुलींचा गलका चालला होता. काकांनी चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली.

"नवीन काही आलं असन तर पाहा नं, सर."

मी शब्द टाकले. यादी उघडली. काका वाकून पाहू लागले.