सगळ्यांना पाच-पाच

सोनाळा केंद्राचे मॅनेजर गजाननभाऊ फोनवर होते आणि त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं. वैभवभाऊले द्या, म्हणाले. मी म्हटलं, वैभव जेवायला गेलाय, मला सांगा, प्रोग्राम मीच लिहिलाय. ते म्हणाले, "राहू द्या मॅडम. मी मंग लावतो."

नांदुऱ्यात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगवाल्यांच्या सहा कापूस खरेदी केंद्रांचा प्रोग्राम आम्ही सांभाळतो. गाडी काट्यावर येते, वजन होतं, ओलावा तपासतात, ऑपरेटर नोंद करतो आणि काटापावती निघते. पावती निघाली नाही तर ती गाडी हलत नाही आणि मागची रांगही नाही.

प्रोग्राम माझा, पण सहाही केंद्रांचा जीव वैभववर. तो माझ्यापेक्षा लहान, सोनाळ्याकडचा. फोन उचलला की आधी आवक कशी आहे, घरचे कसे आहेत, मग कॉम्प्युटर. मीही याच जिल्ह्यातली, दुसरबीडची, पण मधली काही वर्षं पुण्यात नोकरी केली. तिथे माझी भाषा गावंढळ वाटायची, इथे परत आले तर पुणेरी वाटते. सीझन संपल्यावर आम्हा दोघांपैकी एकाला टीम लीड करणार होते. मला ते पद हवं होतं. वैभवचा फोन वाजला की माझ्या पोटात दुखायचं, हे सरळच सांगते.

आता मूळ भानगड. सहाही केंद्रांच्या नोंदी ज्या एकाच ठिकाणी साठतात तो डेटाबेस. केंद्रावरच्या प्रोग्रामला त्याच्याशी बोलायला कनेक्शन लागतं. दर वेळी नवं उघडण्यात वेळ जातो, म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच काही कनेक्शन उघडून हाताशी ठेवतो. काम आलं की एक घ्यायचं, झालं की परत ठेवायचं. या साठ्याला कनेक्शन पूल म्हणतात. पूल केवढा असावा तो आकडा सेटिंगमध्ये असतो. मी प्रत्येक केंद्राला दहा दिला होता, तोही सढळ हाताने.

एकदा नांदुरा केंद्रावर पावत्या अडकायला लागल्या. खरं तर त्या दिवशी तिथलं इंटरनेट मंद होतं. वैभवने पूलचा आकडा तीस केला, तेवढ्यात इंटरनेट सुधारलं, आणि आकडा वाढवला की काम पळतं हे तिथल्या मॅनेजरने धरून ठेवलं. त्याने ते इतर केंद्रांना ऐकवलं. मग गजाननभाऊंचा फोन आला. तो वैभवने स्पीकरवर घेतला होता, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो.

"नांदुऱ्याले तीस देल्ले म्हणे. मंग सोनाळ्याले काऊन दहा? आमचा कापूस का हलका हाय?"

वैभवने त्यांनाही तीस दिले. मग बाकीच्यांनाही. मी त्याला थांबवायला गेले तर म्हणाला, मागतात तर देऊन टाकू ताई, आपलं काय जाते?

जात होतं. आमचा डेटाबेस एकूण शंभर कनेक्शन घ्यायचा, त्यापुढच्याला सरळ नकार. तीन केंद्रं सुरू झाली की नव्वद गेली. चौथ्याला पूर्ण वाटा मिळत नसे आणि त्याचा प्रोग्राम उघडतच नसे. केंद्रावर काटा एक, ऑपरेटर दोन. एसटीत दोन माणसांनी खिडकीतून रुमाल टाकून तीस सीट धराव्यात, असा तो प्रकार.

मॅनेजर लोकांना कारण कळलं नाही, पण जो आधी सुरू करतो त्याचं चालतं, एवढं बरोबर कळलं. मग शर्यत लागली. कुणी कुलूप उघडल्याबरोबर कॉम्प्युटर लावायला लागला, कुणी संध्याकाळी बंद करणंच सोडलं. सोनाळा मागे पडायचं. तिथे गाड्या उभ्या राहायला लागल्या आणि जिनिंगवाल्यांनी आमच्या बॉसना, प्रकाशभाऊंना, कळवलं की सुधारलं नाही तर दुसरी कंपनी पाहू.

प्रकाशभाऊंनी मला बोलावलं. मी म्हटलं, सगळ्यांचा पूल पाच करते. पाचही कनेक्शन कामात असली तर सहाव्या कामाने एरर न देता थोडं थांबायचं, एवढीच भर घालते. ते हसले. "विचारशीन तं सहाही केंद्रं भांडतीन. गुपचूप करून टाक. कोणाले सांगू नको."

मी गुपचूप केलं. दुपारी काटे जेवणासाठी बंद असतात, तेव्हा ऑफिसातूनच सहाही केंद्रांचा आकडा पाच करून प्रोग्राम पुन्हा सुरू केले. त्यानंतर एकही पावती अडकली नाही. सहाही केंद्रं एकाच वेळी चालली आणि डेटाबेसवर निम्म्याहून जास्त जागा रिकामी होती. एवढं समाधान मला पगारवाढीनेही दिलं नसतं.

संध्याकाळी गजाननभाऊंचा फोन आला. वैभवला. तुम्ही पुन्हा वाढवून दिलेत वाटतं, आता कसं मस्त पळतंय, असं म्हणून त्यांनी त्याला जेवायला बोलावलं. मग इतर केंद्रांचेही फोन आले, तेही त्यालाच. मी स्क्रीनकडे पाहत बसले. कुणाला सांगायची तर सोय नव्हती.

सीझन संपला. मीटिंगमध्ये प्रकाशभाऊंनी सगळी केंद्रं सुरळीत केल्याबद्दल टीम लीड म्हणून वैभवचं नाव घेतलं. तो तिथल्या तिथे उभा राहिला.

"भाऊ, आकडे पाच झालेले मी सेटिंगमधी पाह्यले, पण ते मी नाई केलं. ताईनं केलं. मी तं वाढवून वाढवून बिघडवलं होतं."

"मले मालूम हाय," प्रकाशभाऊ म्हणाले. "पण फोन तुलेच येतात."

तो गप्प बसला असता तर मला निदान मनसोक्त जळता आलं असतं. तेही त्याने ठेवलं नाही.

शिकण्यासारखं एवढंच, की पूलचा आकडा मागणीवरून ठरवू नये, डेटाबेसला किती झेपतं त्यावरून ठरवावा. टीम लीडच्या परवानगीशिवाय या आकड्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम आता कंपनीत आहे. तो मीच सुचवला होता, लीड मीच होणार हे धरून. आता पाचाचे सहा करायचे तरी मला वैभवला विचारावं लागतं. तो दर वेळी म्हणतो, "ताई, तुमाले समजते तसं करा." त्याचाही मला राग येतो.