उजवा कान

घाटकोपरच्या चाळीत त्याची खोली माझ्या खोलीला लागून होती. तो गिटारवर हेवी मेटल वाजवायचा, पण चाळीत अँप्लिफायर लावायला बंदी. त्यामुळे भिंतीतून मला नुसती तारांची टिकटिक ऐकू यायची. "खरा आवाज ऐकशील ना, तर तुझी मांडणीवरची भांडी पडतील रे," असं तो ऐटीत सांगायचा. बाहेरच्या कार्यक्रमांतल्या त्या खऱ्या आवाजाने त्याचेच कान गेले होते. कुणी बोललं की उजवा कान थेट तोंडाशी आणायचा आणि म्हणायचा, "परत बोल ना, यार."

केस कमरेपर्यंत. संपात गिरणी सुटलेल्या त्याच्या वडिलांनी एकदा बजावलं, "आधी केस काप, मग माझ्याशी बोल." त्यानंतर चार वर्षं बापलेक एका खोलीत मुक्याने जेवले. मला दोघांचाही राग यायचा.

वडील गेले तेव्हा स्मशानात भटजींनी सांगायच्या आधीच तो न्हाव्यापुढे बसला. मी त्याचा शर्ट धरून उभा होतो. सगळे केस उतरल्यावर तो उठला, तिरडीजवळ गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "बाबा, कापले. बोला आता."

आणि उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला.